तीन लाल वायरी

बाबा : हे चौथ्यांदा पुसतेयस. चष्मा स्वच्छ आहे तुझा, ठेव तो खाली. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.

लेक : मी सहज आले, बाबा. आज प्रयोगशाळेत काम कमी होतं.

बाबा : बावीस वर्षं त्या कॅन्सरच्या पेशींमागे लागलीयस. एकदा तरी भर दुपारी सहज आलीस? माझा रिपोर्ट आलाय ना?

लेक : आई कुठंय?

बाबा : शेजारी, ब्लाउजचं माप द्यायला. दोघी बोलायला बसल्या की अर्ध्या तासाची निश्चिंती. बोल.

लेक : गोळी चालेनाशी झालीय.

बाबा : हं. नऊ महिने चालली बिचारी. का थांबली? माझ्या भाषेत सांग. लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेला माझा, डॉक्टरांचं बोलणं सगळं डोक्यावरून जातं.

लेक : पेशीच्या अंगावर बटणं असतात असं समजा. बाहेरून निरोप आला की बटण दाबलं जातं. आतला एक रिले दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी हुकूम पोचतो, वाढ, एकीच्या दोन हो. काम झालं की सगळं बंद. तुमच्या फुप्फुसातल्या गाठीत ते बटण दाबलेलंच राहिलं.

बाबा : कॉन्टॅक्ट चिकटले म्हण. कुणी बोलावलेलं नसताना लिफ्ट आपली चालूच.

लेक : हो. गोळी त्या बटणावर जाऊन बसत होती.

बाबा : मग आता उठली का तिथून?

लेक : नाही, इमानानं बसलीय. पण पेशींनी दुसरं बटण वाढवलं आणि तिथून थेट खालच्या रिलेला जोडून घेतलं. गोळीला वळसा घालून.

बाबा : जंपर टाकला चोरांनी!

लेक : जंपरच. तुमच्या त्या लाल वायरींसारखा.

बाबा : आम्ही निदान तपासणीपुरता टाकायचो गं. दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही, म्हणून तेवढ्यापुरतं दाराचं सर्किट वगळायचं. आणि काम झालं की काढायचा. तीन वायरी न्यायच्या, तीन परत आणायच्या. मोजल्याशिवाय जागा सोडायची नाही.

लेक : एकदा दोनच परत भरल्या होत्या. मला शाळेतून घ्यायला निघाला होतात, अर्ध्या रस्त्यातून उलटे पळालात. मी फाटकाशी दोन तास उभी.

बाबा : दार उघडं असताना लिफ्ट चालली असती तर कुणाचा तरी जीव गेला असता. तू रडली नाहीस म्हणाला वॉचमन.

लेक : रडले होते. मीच त्यांना सांगितलं होतं, बाबांना सांगू नका म्हणून.

बाबा : म्हणजे लपवाछपवी तेव्हापासूनची. रिपोर्ट कधी आला?

लेक : सोमवारी.

बाबा : आज शुक्रवार. चार दिवस वायर आत ठेवून फिरलीस.

लेक : मला वाटलं, काहीतरी उपाय सापडेल, मग सांगेन. कोणता रिले कुणाला उठवतो, झोपेतसुद्धा सांगेन मी, बाबा. सगळं आयुष्य त्यात घातलं. आणि माझ्याच बापाची वेळ आली तर...

बाबा : रड बाई. आईला यायला अजून वेळ आहे.

(तो तिच्या पाठीवरून हात फिरवत राहतो.)

बाबा : आता वायरी मोज. पहिली, गोळी चालत नाही. दुसरी?

लेक : कॅन्सर यकृतात गेलाय. वाढ म्हणणारा निरोपच पेशींना जागाही सोडायला लावतो. पेशी शेजारच्या पेशींचा हात सोडतात, रक्तातून निघतात, आणि सापडेल तिथे बिऱ्हाड थाटतात.

बाबा : दोन झाल्या.

लेक : दोनच आहेत.

बाबा : परत चष्मा पुसतेयस.

लेक : जोडीला नवी गोळी घेतली तर ते दुसरं बटणही अडेल. त्रास होईल. पाय सुजतील, तोंड येईल. सात-आठ महिने मिळतील. मग पेशी तिलाही वळसा घालतील.

बाबा : आणि नाही घेतली तर?

लेक : तीन. कदाचित तेवढेही नाही. घ्या ना, बाबा. माझ्यासाठी घ्या.

बाबा : घेतो. तोंड आलं तर तुझ्या आईची चंगळ. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी उलट बोलणार नाही.

लेक : बाबा!

बाबा : बरं, तीन झाल्या. आता तुला सुखानं घरी जाता येईल.

लेक : मी नाही जात. जिन्यात आईच्या चपला वाजतायत. तिला काय सांगायचं?

बाबा : सगळं. तिच्या हातात तीनही मोजून द्यायच्या. पहिल्या दोन मी सांगतो.

लेक : आणि तिसरी, महिन्यांची?

बाबा : ती तू सांग, बाई. तिच्यासमोर माझ्या हातून सुटायची नाही ती.