पहिला खांदा

मायबाप, आधी एवढंच सांगा. सात समुद्रांपलीकडचा माणूस येतो, कुठे बेटावर, कुठे अरण्यात, कुठे आपल्या कोकणात, आणि बघता बघता धनी होऊन बसतो. दाराची कडी आतून काढली कुणी?

खाडीकाठी खारवली गाव. भगवतीच्या पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा, यावरून दुलबाजी आणि सुभानजी या चुलतभावांचं वाजलं. तिथली रीत अशी, की वाद झाला तर देवीला कौल लावायचा. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर थोरल्याचा मान, डावं पडलं तर धाकट्याचा. पडलं डावं! थोरला दुलबाजी म्हणे, फूल वाऱ्याने पडलं. पाहिलंत? मनासारखं झालं तर देवी, नाही झालं तर वारा!

निघाला तो गोऱ्या साहेबाच्या वखारीकडे, न्याय मागायला. सुभानजी वाटेत आडवा आला.

"दादा, मान तू घे. मी मागून चालतो. पण घरातलं भांडण त्याच्या दारात नको नेऊस."

"तुझ्याकडून दान घेऊ?" दुलबाजी म्हणाला आणि गेला.

साहेबाला खांदा ठाऊक तो बंदूक टेकवायचा. पण त्याने सगळं प्रेमाने ऐकलं. डोळा होता देवराईतल्या सागावर. जहाजं बांधायची होती ना! पालखी उठली ती शिपायांच्या पहाऱ्यात. पुढे दुलबाजी, मिशीला तूप लावून. काय तो थाट! देवीची मिरवणूक की कैद्याची, कळू नये.

आठवडाभरात राईत कुऱ्हाड पडली. दुलबाजी धावत वखारीत. ही देवीची राई, हिची काडी आम्ही मोडत नाही, म्हणून हात जोडले.

साहेब दुभाष्याकडून म्हणाला, "तुमच्या देवीचा कौल मोडायला तूच मला बोलावलंस. आता तिचं नाव मला सांगतोस?"

दुलबाजी जोडलेले हात सोडून आल्या वाटेने परतला. तुम्हाला सुचतंय याचं उत्तर?

पुढच्या वर्षी वखारीच्या पायरीवर पागोटं काढून कोण उभं होतं? सुभानजी! यंदाचा खांदा मला द्या, साहेब. साहेबाने दिला. त्याचं काय जात होतं? राई तर केव्हाच समुद्रावर तरंगत होती.

हसलात? हसा. आता घरी जाल, तेव्हा सख्ख्या भावाशी बोलणं टाकून कुणाच्या पायरीवर उभे आहात, तेवढं खाली बघून घ्या.