ड्रिल मशीन आणि पुढची सीट

कामतघरला आमच्या चाळीखाली रफिकभाईंचं वर्कशॉप होतं, तेव्हाची ही गंमत. वडपे गावातल्या गिऱ्हाइकाला दुपारच्या आत लोखंडी ड्रिल मशीन पोहोचवायचं होतं, नाहीतर तो दुसरीकडून घेणार होता. टेम्पो ऐनवेळी आलाच नाही. मग रफिकभाईंनी मशीन आपल्या छोट्या मोटारीच्या डिकीत चढवून दोरांनी आवळलं. पण गाडी मागून बसली, पुढून उचलली गेली आणि स्टेअरिंग फिरवलं तरी धड वळेना.

मी गॅलरीतून बघत होतेच. राहवेना, म्हणून खाली गेले.

"रफिकभाई, हायवेवर अशी नेलीत तर कुठेतरी आपटाल. पुढच्या सीटवर काहीतरी वजनदार ठेवा की."

रफिकभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिले.

"भाभी, आपको टाइम है क्या?"

मी म्हटलं, "थांबा, साडी बदलून येते."

मी बसले आणि गाडी मुकाट्याने वळायला लागली. वडप्याला पोहोचल्यावर गिऱ्हाइकाने विचारलं, "ह्या कोण?"

रफिकभाई म्हणाले, "इनके बगैर गाडी नहीं चलती."

मला मालकीणबाई समजून त्याने अदबीने प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. मग मला एकदा नीट बघितलं, खुर्ची उचलली आणि आतून लोखंडी घेऊन आला.