ठकीचा लंगडा पाय

मांजराला विंचू चावला तर काय करायचं, हे आमच्या वारज्याच्या सोसायटीत प्रत्येकाला ठाऊक असतं. फक्त मांजर दुसऱ्याचं असावं लागतं. आमच्या ठकीने गच्चीतल्या विंचवाला पंजा मारला आणि किंचाळत पलंगाखाली शिरली, तेव्हा शेजारचे नाना म्हणाले, "कांदा चोळा." मला काही ते पटेना. मुलीच्या बाळंतपणासाठी बायको मेलबर्नला गेलेली. तिला फोन लावला आणि विचारलं, "माझी डोकेदुखीची गोळी अर्धी करून देऊ का?"

"मारताय का तिला? माणसाची गोळी म्हणजे मांजराला विष! फडक्यात बर्फ गुंडाळून पंजावर धरा, फार हलू देऊ नका आणि टोपलीत घालून लगेच डॉक्टरांकडे न्या. नानांना म्हणावं, कांदा भाजीत घाला."

तसं केलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दिवसभर ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी ठकी ओट्यावर उडी मारून दुधाच्या पातेल्यात तोंड घालत होती.

पण एक झालं. नातवापायी आठवड्यातून एकदा येणारा बायकोचा फोन आता रोज यायला लागला. मीही रोज सांगायचो, "अजून लंगडते बिचारी."

तीन आठवड्यांनी ती म्हणाली, "अहो, विंचवाचं दुखणं इतके दिवस टिकत नाही. करमत नसेल तर तसं सांगा ना."

आता चाळीस वर्षांत जे तोंडावर कधी म्हटलं नाही, ते एकदम फोनवर कसं म्हणायचं?

मी म्हणालो, "मांजरीला करमत नाहीये."