पौषातला नवरंग

काशीनाथ : ...आणि झाडावरच्या नवरंग पाखराकडे बोट दाखवून वडील कानाशी पुटपुटले, "हलू नकोस काश्या, आता तो बोलेल." एवढंच. त्यांचा चेहरा आता धुक्यात गेलाय, पण ते 'आता तो बोलेल' कानात तसंच आहे. तिथूनच मला पाखरांचे आवाज रेकॉर्ड करायचं वेड लागलं. मागच्या खेपेला तुला सांगितलं होतं ना? आणि तुमच्या साप्ताहिकात काय आलं? 'काशीनाथ यांना वडिलांकडून शिकारीचा वारसा'!

मयूरी : मी 'निरीक्षणाचा' लिहिलं होतं, काका. डहाणूच्या ऑफिसात कुणीतरी सुधारलं.

काशीनाथ : नवरंगाच्या जागी खंड्याचा फोटोही सुधारूनच टाकला असेल.

मयूरी : हसा. बातमीखाली नाव माझं होतं. पण एक विचारू? त्या दिवशी फोनवर तुम्ही माझी एकेक चूक निवडलीत, तांदळातले खडे निवडावेत तशी. मथळ्याबद्दल मात्र चकार शब्द नाही.

काशीनाथ : काय होता मथळा?

मयूरी : पाठ असेल तुम्हाला.

काशीनाथ : 'घोलवडच्या वाडीत पौषातच बोलला नवरंग, ऋतुचक्र बिघडल्याचा इशारा.'

मयूरी : आणि नवरंग खरा येतो कधी?

काशीनाथ : जेठाच्या तोंडावर. आभाळ भरून आलं की पाठोपाठ येतो, शीळ घालतो, पिल्लं वाढवतो आणि दिवाळीआधी दक्षिणेला जातो. एखादा चुकलामाकला राहतो मागे.

मयूरी : राहिलेला शीळ घालतो?

काशीनाथ : चहा घे. गवती चहा आहे, वाडीतलाच.

मयूरी : विषय बदलू नका ना काका. बातमी वाचून मुंबईहून माणसं आली, हातभर लेन्स घेऊन. तुम्ही त्यांना चहा पाजलात, चिकू दिलेत, पण खरं-खोटं काही बोलला नाहीत.

काशीनाथ : कशी उभी होती गं माणसं! झाडाखाली, देवळात उभं राहावं तशी. शेजारच्या दक्षाबेनचा पीयूष तर म्हणाला, मला ऐकू आला. मी काय म्हणणार?

मयूरी : त्यांच्यातले एकजण पाखरांच्या आवाजांचा मोठा संग्रह करतात. तुम्ही मला ऐकवलंत तेव्हा माझ्या फोनवर तुकडा घेतला होता, तो मी त्यांना पाठवला. ते म्हणतात, मूळ फाईल हवी. आणि म्हणतात, प्रत्येक शिळेआधी श्वास ऐकू येतो. पाखराचा श्वास असा ऐकू येत नाही.

(काशीनाथ कपबशी खाली ठेवतो. वाडीत चिकू उतरवणाऱ्या बायका एकमेकींना हाका मारताहेत.)

काशीनाथ : फाईल मिळणार नाही.

मयूरी : मग मला खुलासा छापावा लागेल. 'रेकॉर्डिंग बनावट निघालं.'

काशीनाथ : बनावट म्हणायचं नाही!

मयूरी : काका...

काशीनाथ : दुसरं काहीही लिही. मला म्हातारचळ लागला म्हण, कानाने बहिरा झाला म्हण. तिला बनावट म्हणू नकोस.

मयूरी : तिला? म्हणजे... कुसुमकाकू?

काशीनाथ : गेल्या पौषात ती अंथरुणाला खिळली. डॉक्टर आम्हाला बाजूला घेऊन बोलायचे, पण तिला का कळत नव्हतं? म्हणाली, "यंदाचा नवरंग काही माझ्या वाट्याला येत नाही." म्हटलं, टेपवर आहे, लावतो. तर म्हणाली, "तो जुना, ऐकलेला. मला यंदाचा हवा."

मयूरी : मग?

काशीनाथ : सांजेला खिडकी उघडायला लावली. म्हणाली, "जेठाचं पाखरू, त्याला पौषाचं आवतण." आणि ओठ मुडपून शीळ घातली. लग्न होऊन आली तेव्हा एकदा वाडीत घातली होती, तर आई केवढी बोलली होती तिला! बायकांनी शीळ घालू नये, लक्ष्मी जाते. त्यानंतर जन्मात नाही. आणि त्या दिवशी, दम लागत असताना...

मयूरी : आणि तुम्ही माईक लावलात.

काशीनाथ : हाताला सवय ना. मग ती गेली. पुढे तू आलीस, चुकून ती फाईल लागली, आणि तू उडालीस, "काका, नवरंग!" तारीख विचारलीस, मी खरी सांगितली, पौषातली. पुढचं तोंडातून निघेना.

मयूरी : पण आवाजात तुम्ही कधी चूक खपवून घेत नाही. माझी 'कॅमेऱ्यात आवाज टिपला' ही एक ओळ तुम्हाला खपली नाही. मग ही एवढी मोठी चूक कशी चालली?

काशीनाथ : पेपरात आलं, माणसं आली, सगळी म्हणाली नवरंगच. तिने विचारलं होतं मला, "जमली का हो?" मी काय म्हटलं असेल?

मयूरी : काय?

काशीनाथ : म्हटलं, कच्ची आहे अजून. तुझा दुसरा सूर वर जातो, त्याचा खाली उतरतो. जेठात तो आला की त्याच्याकडून नीट करून घे.

मयूरी : आजारी बाईला असं म्हणालात?

काशीनाथ : हो.

मयूरी : खरंच कच्ची होती?

काशीनाथ : नव्हती गं. हुबेहूब होती. मला वाटलं, तेवढं शिकायला तरी थांबेल.