धुतलेल्या हाताची सुई

न्हाय, पण तुम्हीच सांगा पावणं, माणसानं हात धुवायचं न्हाईत व्हय? घरात सगळी माझ्यावरच! आवो, हात धुतलं, कुणाचा खून न्हाय केला!

तुम्हाला सांगतो... मी श्रीशैल, कबनूरला मागावर कामाला, वीस वर्षं झाली. आमची शांभवी सातवीत. शाळंत विज्ञान प्रदर्शन, आन् सरांनी काढलंय, पोरानं आई-बापाला घिऊनच प्रयोग करायचा. हिचा प्रयोग काय? पाण्यावर सुई तरंगवायची! म्हंटलं, खुळी का काय, लोखंड हाय ते! तर म्हणती कशी, "आप्पा, पाण्याचं कण एकामेकाला वढून धरत्यात. आतल्यांना चारी बाजूनं सोबत हाय, वरच्यांच्या डोक्यावर कुणीच न्हाय, म्हणून ती शेजारच्यांना लई घट्ट धरत्यात. वर ताण बसतो. मागावर कापड ताणलेलं असतंय की, तसं!" आता कापडाचं म्हंटल्यावर मला कळणारच की! तिनं सोडली, बुडली. तिच्या आईनं सोडली, बुडली. मी अलगद आडवी सोडली... राहिली! धा वेळा सोडली, धा वेळा राहिली! झालं, पोरगी गल्लीभर सांगत सुटली, "आमच्या आप्पांच्या हातात जादू हाय!" मला बी वाटलं, असंल बाबा. दिवसभर तुटलेलं धागं जोडतोय, बोटं हलकी असणारच.

प्रदर्शनाच्या दिवशी मागावरची पाळी सुटली तसाच शाळंत गेलतो. आता हे हात बघा... नखात मागाचं ऑइल, रेषांत ऑइल! शेजारी एक बाई उभ्या, कडक इस्त्रीची साडी. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं आन् पदर हळूच वढून घेतला. मला एवढी लाज वाटली की दोन्ही हात खिशात! शांभवीला म्हंटलं "आलोच", आन् पळालो नळावर. साबण घेतला, तीनदा घासलं! नळाला पाणी करंगळीएवढं, तेवढ्यात आतनं हाळी, "शांभवीचे पालक!" तसाच पळत आलो. हात बुळबुळीत, पण गोरंपान!

परीक्षक समोर. सुई घेतली, अलगद आडवी सोडली... गडप! दुसरी... गडप! तिसरी... व्हय, ती बी! आता मला सांगा, माणसानं हात धुवायचं न्हाईत व्हय?

परीक्षक म्हणाले, "काय झालं हो, पालक?" आन् मी काय बोललो... न्हाय, सांगायची लाज वाटती... मी म्हंटलं, "पोरीनं भांडं नीट धुतलं नसंल." सगळ्यांच्या देखत! चारदा पुसलंतं तिनं ते भांडं, माझ्या डोळ्यादेखत पुसलंतं! पोरीचं तोंड एवढंसं झालं. मग तिनं माझा हात धरला, नाकाशी नेला. "आप्पा... साबण?"

लिंबाचा वास येत हुता, कसं न्हाय म्हणणार?

तशी ती सरांकडं वळली. "सर, साबणानं पाण्याचा ताण ढिला पडतो. आन् आप्पांच्या बोटाचं ऑइल घरी सुईला लागत हुतं, तेलकट सुई भिजत न्हाय, म्हणून तरंगायची." म्हंजे जादू न्हाय, हलकी बोटं न्हाईत... ऑइल! पोरीनं नवं भांडं घेतलं, ताजं पाणी भरलं, माझ्या शर्टावर एक ऑइलचा डाग राहिलता, त्याच्यावर सुई घासली आन् स्वतः सोडली. राहिली की हो! परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्या साडीवाल्या बाईंनी बी! थेट तालुक्याला निवड! आन् मी कोपऱ्यात उभा, गोरंपान हात घिऊन.

येताना गाडीवर म्हंटलं, "चुकलं बाई माझं. भांड्याचं खोटं बोललो." तर मागनं म्हणती, "भांड्याचं राहू द्या. हात कशापायी लपवला?" मी हॉर्न वाजवला नुसता, रस्त्यात कोण नसताना.

आता तालुक्याला दोन्ही हात दाखवायचं म्हणती. डावा साबणाचा, उजवा ऑइलचा. सोमवारपातूर उजव्याला साबण लावायचा न्हाय, हुकूम हाय! आन् डाव्यानं जेवू देती का माझी आई, आमची अव्वा? ती बसती चमचा घिऊन समोर, "आ कर, बाळ." बेचाळीस वर्षाचा बाप्या, दारातनं शेजारीपाजारी बघत्यात... मी आपला आ करतो. काय करणार, पावणं? हात धुवायची सोय न्हाय.