प्रेताभोवतीची रांगोळी

अरे, आमच्या थ्रिलरचा पहिला शॉट कसा झाला ते सांगितलंच नाही ना तुम्हाला? कसबा पेठेतली गल्ली, सकाळचे सात. आठनंतर गाड्यांची वर्दळ सुरू होणार, आणि फिल्म त्याच आठवड्यात कॉलेजात द्यायची होती. मी डिरेक्टर. निखिल प्रेत होऊन रस्त्यात आडवा. त्याच्याभोवती खडूने पांढरी रेघ काढायची, आणि खडू मीच घरी विसरलेलो!

समोर एक काकू दारात सडा घालत होत्या. मी विचारलं, "काकू, थोडी रांगोळी मिळेल?"

"कशाला?"

"प्रेताभोवती काढायचीय."

त्यांनी निखिलकडे नीट पाहिलं. "श्वास घेतोय तो."

"नवीन आहे, काकू."

"सरक बाजूला. तुला नाही जमायचं."

डबा घेऊन वाकल्या आणि डोक्यापासून पायापर्यंत एका दमात रेघ सोडली. आम्ही कॅमेरा त्यांच्या हातांवरच ठेवला. मी कट म्हणणार, तेवढ्यात काकूंनी रेघेवर हळद-कुंकू वाहिलं.

"अहो काकू, खून झालाय इथे!"

"असेल. माझ्या दारातली रांगोळी हळद-कुंकवाशिवाय राहत नाही."

पुन्हा काढायला वेळच नव्हता, तोच शॉट ठेवला. कॉलेजात दाखवला. सर म्हणाले, "खुनी बाईच प्रेताभोवती रांगोळी काढते, आणि वर हळद-कुंकू! सुचलं कसं रे तुला?"

संध्याकाळी पेढे घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "पुढचा खून आदल्या दिवशी सांग. ठिपक्यांची काढते."