ओहोळावरचा साकव आणि विरोध नसलेली माणसं

...आणि वर बोलतात काय, तर "विकासाला आपला विरोध नाय"! नाय ना? मग होऊ द्या की साकव! पण नाय. तुमाला सांगतो, आमच्या मोहशेत गावात विरोध कुणाचाच नसतो, फक्त काम होत नाय.

आता हा आमचा जयराम. भातशेती करणारा, नाकासमोर चालणारा माणूस. त्यानं काय धरण मागितलं होतं? विमानतळ मागितला होता? एक साकव, बाबांनो! चार माणसं आणि एक म्हैस पलीकडं जाईल एवढा छोटा पूल. कशाला? तर एकुलती एक पोरगी, रुचिता, दिली कातळवाडीला. म्हणजे कुठं? ओहोळाच्या पल्याड! जयरामच्या ओटीवरून तिच्या चुलीचा धूर दिसतो. पण पावसात ओहोळ फुगला की तिला माहेरी यायला मुरबाडवरून वळसा... आणि तोही एसटीच्या मनात आलं तर. मग बाप-लेक आपापल्या काठावर उभी राहून बोंबलणार. हा इकडून विचारणार, काय रांधलंस गो? ती तिकडून सांगणार, टाकळ्याची भाजी. आणि दोन्ही गावांना कळणार! सासूची तक्रार करायची सोय नाय हो पोरीला, सासू मागंच उभी!

गेल्या साली तिला ताप भरला. वळशाचा रस्ता दरडीखाली, ओहोळ दुथडी भरून. जयराम काठावर इरलं घेऊन बसून राहिला, ताप उतरला अशी हाक येईपर्यंत. जीव तुटला हो त्याचा. तेव्हापासून त्यानं साकवाचा ध्यास घेतला. मुरबाडच्या कचेरीतला शिपाईसुद्धा त्याला बघून चहा सांगायला लागला.

आणि साकव मंजूर झाला! साहेब आले, चुना टाकला, आणि चुन्याच्या रेघेत नेमका आला वाघोबाचा दगड. जरासा सरकवायचा होता, बस्स. पण आमी पडलो सिद्धगडाच्या पायथ्याचे. इथं दगड उचलला की खालून विंचवाच्या आधी इतिहास निघतो!

इतकी वर्षं त्या वाघोबाला कुणी शेंदूर लावला नव्हता. आता आमचा सरपंच दामू छाती काढून सांगायला लागला, "हा दगड आमच्या पूर्वजानं रोवला. गडावर पहाऱ्याला होता तो." कातळवाडीचा सरपंच कमळू बोलला, "दगड आमच्या पूर्वजाचा. तुमचा पूर्वज तेव्हा आमची गुरं राखायचा." झालं! ह्या काठाला एक फलक, त्या काठाला दुसरा. दोन्हींवर एकच मजकूर बरं का : विकासाला आमचा विरोध नाय, पण इतिहासाला हात लावाल तर खबरदार. साहेबांनी टेप गुंडाळला, गाडीत बसले, गेले. आणि जयराम? तो बिचारा चुन्याच्या रेघेवर उभा. रेघ पुसू नये म्हणून तिथून गुरं हाकलायचा!

शेवटी दिवाळीच्या तोंडावर सभा ठरली. कुठं? तर ओहोळाच्या पात्रात. ना ह्यांची हद्द, ना त्यांची! पाण्यात पाय सोडून दोन्ही गावांचा इतिहास दुपारपर्यंत चालला. तेवढ्यात जयरामची चुलती अंबूबाई उठली. दात नाय तोंडात, पण बोलणं कसं, थेट.

"वाघोबा ज्याचा, त्यानं वाघबारशीला दोन्ही गावांना जेवण घालायचं, अशी रीत होती. बंद पडली ती. परवा वाघबारस आहे. बोला, वाघोबा कुणाचा?"

दोन्ही सरपंच पाण्यातले खेकडे मोजायला लागले! मग दामूनं घसा खाकरला. बोलला, कमळूशेठ, नीट आठवलं तर तुमचाच पूर्वज आधी आला असावा. कमळू बोलला, छे छे, आमी तर गुरं राखणारे! अर्ध्या तासात इतिहासाचा कुणी वारस उरला नाय. जयरामनं गुपचूप आपला कोंबडा वाघोबाला दिला, हात जोडून दगड सरकवला, आणि काम सुरू!

जेठ महिन्यात साकव उभा राहिला. पल्याडचा उतार झाला. अल्याड मात्र जमीन खोल, साकवाचं टोक डोक्याच्या वर लटकलेलं. इथं मातीचा भराव घालायचा, आणि भरावाच्या जागेत काय? जयरामचं जांभूळ! साहेब बोलले, तेवढं झाड तोडा. त्याच जांभळावर रुचिता लहानाची मोठी झालेली. पण "विकासाला विरोध नाय, पण" हे बोलायला त्याची जीभच वळेना! गडी मुकाट घरात गेला, कुऱ्हाडीला धार लावून आला, डोळे मिटले, हात उचलला...

"बाबा, थांब."

वर बघतो तर रुचिता! साकवावरून आलेली, टोकावरून फांदी धरलेली, पदर खोचून सरसर खाली.

"साकवाला माझा विरोध नाय, बाबा. पण माझं झाड तोडायचं नाय."

आता काय बोलता! त्या दिवसापासून भराव बंद. रोज सांजेला ती जांभळावरून माहेरी उतरते, जांभळावरून सासरी चढते. परवा साहेब चिडून आले, काम कुणी अडवलंय, नाव सांगा! जयरामनं कपाळाला हात लावला आणि नुसतं फांदीकडं बोट दाखवलं. फांदीवर लेक बसलेली, पाय हलवत, जीभ जांभळी झालेली.

साहेब बोलले, खाली या, बाई. ती बोलली, आधी तुमी वर या, पिकलीत.